विश्लेषण : २६९ चौरस फुटांच्या घरकुलात कपाट, धान्य आणि कापूस बसवायचे कसे?

घरकुल मंजूर झाले की चर्चा हप्त्यांची होते, रेतीची होते, गवंड्याच्या मजुरीची होते. सामान कुठे ठेवायचे, हा प्रश्न मात्र गृहप्रवेशानंतरच समोर येतो. तोपर्यंत भिंती उभ्या असतात, स्लॅब पडलेला असतो आणि दारांच्या जागा ठरून गेलेल्या असतात. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या कापूसपट्ट्यात ही अडचण फक्त पसाऱ्याची नाही. घरात जागा नसेल, तर शेतमाल मिळेल त्या भावात विकावा लागतो. नव्या घराच्या नकाशात साठवणीची जागा कशी धरायची, कधी धरायची आणि त्यासाठी पैसे किती लागतात, हे समजून घेऊ.

हा विषय आत्ता का महत्त्वाचा?

राज्यात सध्या मोठ्या संख्येने घरकुले बांधली जात आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते यवतमाळ येथील कार्यक्रमात इतर मागासवर्गीयांसाठीच्या ‘मोदी आवास घरकुल योजने’चा प्रारंभ झाला. तीन आर्थिक वर्षांत १० लाख घरे, असे या योजनेचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्या दिवशी अडीच लाख लाभार्थ्यांना पहिल्या हप्त्याचे ३७५ कोटी रुपये, म्हणजे प्रत्येकी १५,००० रुपये देण्यात आले. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाच्या वर्धा-कळंब टप्प्याचे लोकार्पणही त्याच कार्यक्रमात झाले. त्यामुळे कळंबकरांच्या तो दिवस रेल्वेसाठी जास्त लक्षात राहिला.

त्यानंतर ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणचा पुढचा टप्पा मंजूर केला. २०२४ ते २०२९ या काळात देशभरात आणखी २ कोटी घरे बांधण्याचे त्यात ठरले. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात महाराष्ट्रातील २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे देण्याचा कार्यक्रम झाला. म्हणजे लाखो कुटुंबे आज पाया खोदण्याच्या किंवा भिंती उचलण्याच्या टप्प्यावर आहेत. साठवणीचा निर्णय घेण्याची योग्य वेळ नेमकी हीच असते.

२६९ चौरस फूट हा आकडा आला कुठून?

इंदिरा आवास योजनेत घराचा किमान आकार २० चौरस मीटर होता. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण सुरू झाली, तेव्हा तो २५ चौरस मीटर करण्यात आला. २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. मदतीची रक्कमही सपाट भागात ७०,००० रुपयांवरून १ लाख २० हजार रुपये झाली. महाराष्ट्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यात राज्याकडून ५०,००० रुपयांची भर घालण्याची घोषणा केली. यातील १५,००० रुपये छतावरील सौर यंत्रणेसाठी आहेत.

किमान आकाराच्या व्याख्येत स्वच्छ स्वयंपाकासाठी स्वतंत्र जागा असावी, असे म्हटले आहे. साठवणीच्या जागेचा उल्लेख त्या व्याख्येत नाही. त्यामुळे ‘दोन खोल्या आणि स्वयंपाकघर’ असा नकाशा निघतो आणि सामान त्यात बसवण्याचे काम कुटुंबावर येते.

२६९ पैकी प्रत्यक्षात किती जागा हातात येते?

हे मोजमाप कसे घेतले, यावर अवलंबून आहे. समजा, घर बाहेरून १९ फूट लांब आणि १४ फूट रुंद आहे. म्हणजे २६६ चौरस फूट. भिंती नऊ इंची असतील, तर आतली लांबी साडेसतरा फूट आणि रुंदी साडेबारा फूट उरते. क्षेत्रफळ होते सुमारे २१९ चौरस फूट. म्हणजे ४७ चौरस फूट भिंतींनीच घेतले. एवढ्या जागेत एक छोटे स्वयंपाकघर झाले असते. गिलावा आणि मधली भिंत धरली, तर आकडा आणखी खाली येतो.

म्हणून पहिला प्रश्न गवंड्याला आणि ग्रामपंचायतीकडून मोजणीला येणाऱ्या अभियंत्याला विचारायचा : माप आतून धरायचे की बाहेरून? दोरी मारण्यापूर्वी याचे उत्तर मिळाले पाहिजे.

दुसरी गोष्ट चौरस फुटांत दिसतच नाही. ती म्हणजे सलग भिंत. लोखंडी कपाटाला साधारण तीन फूट, पलंगाला सहा फूट, धान्याच्या कोठीला दोन-अडीच फूट सलग भिंत लागते. दार भिंतीच्या मधोमध ठेवले, की दोन्ही बाजूंना तुकडे उरतात आणि त्यांपैकी एकातही धड काही बसत नाही. तेच दार कोपऱ्याकडे सरकवले, तर उरलेली सगळी भिंत एका सलग पट्ट्यात मिळते. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

कापूस नेमकी किती जागा खातो?

धान्य आणि कापूस यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो. धान्याचा प्रश्न वजनाचा आहे, कापसाचा प्रश्न आकाराचा.

१० क्विंटल सोयाबीन ६० किलोच्या १६-१७ पोत्यांत बसते. ही पोती पाच-पाचच्या थप्पीत रचली, तर २४-२५ चौरस फूट जमीन पुरते. कापसाचे तसे नाही. न तुडवता सैल टाकलेला एक क्विंटल कापूस एक घनमीटरपेक्षा जास्तच जागा घेतो. ढोबळ हिशेब असा :

• ३ एकर कोरडवाहू कपाशी, एकरी ६ क्विंटल धरली, तर एकूण १८ क्विंटल.
• वेचण्या टप्प्याटप्प्याने होतात. त्यामुळे एका वेळी घरात १० क्विंटल आहे, असे समजू.
• १० घनमीटर म्हणजे सुमारे ३५० घनफूट. पाच फूट उंचीपर्यंत ढीग लावला, तरी ७० चौरस फूट जमीन व्यापली जाते.
• आतल्या २१९ चौरस फुटांपैकी हा जवळपास एक तृतीयांश भाग झाला.
• पूर्ण १८ क्विंटल ठेवायचा म्हटले, तर निम्म्याहून अधिक घर कापसाचे होते.

घरात पाच माणसे असतील, तर वेचणीच्या हंगामात झोपायचे कुठे, मुलांनी अभ्यास करायचा कुठे, हा प्रश्न या आकड्यांतूनच तयार होतो. साठवलेल्या कापसातील किडींमुळे अंगाला खाज सुटते, ही कापूसपट्ट्यातील घराघराची तक्रार आहे. ज्या खोलीत कापूस तिथेच लहान मूल, अशी स्थिती अनेक घरांत असते.

जागेचा आणि भावाचा संबंध काय?

थेट संबंध आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झाला. भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय, या भावाने खरेदी करते. मात्र कापसातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो आणि ८ टक्क्यांच्या वर गेलेल्या ओलाव्यानुसार भावात कपात होते. याच हंगामापासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून विक्रीची वेळ घेण्याची पद्धत आली. वेळ मिळेपर्यंत कापूस वाळलेला आणि स्वच्छ ठेवायचा, तर त्याला कोरडी जागा हवी. ज्याच्याकडे ती नाही, त्याला वेचणीनंतर लगेच खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याकडे जावे लागते.

क्विंटलमागे ५०० रुपयांचा फरक पडला, तरी १८ क्विंटलवर ९,००० रुपये होतात. घरकुलाच्या १५,००० रुपयांच्या पहिल्या हप्त्याच्या निम्म्याहून ही रक्कम अधिक आहे.

अर्थात, कापूस थांबवून ठेवला की भाव मिळतोच, असे नाही. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून अनेकांनी कापूस घरात ठेवला. भाव तिथवर पोचला नाही. दुसरीकडे, केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील आयात शुल्क तात्पुरते हटवले आणि ही सवलत नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. असे निर्णय शेतकऱ्याच्या हातात नसतात. साठवणीची जागा भावाची हमी देत नाही. आज विकायचे की थांबायचे, हे ठरवण्याची मोकळीक तेवढी देते.

जुन्या घरांत हे कसे जमत होते?

विदर्भातील कवेलूच्या घरात छताला उतार असायचा. आढ्याखाली जी उंच जागा मिळायची, तिथे लाकडी माळा टाकलेला असायचा. मातीच्या जाड भिंतींत कोनाडे, दिवळ्या आणि फडताळे निघायची. धान्याला कणगी होती. ओसरीवर अवजारे, कोठ्यात जनावरे आणि कडबा. या घरांत कपाटे नव्हती, पण साठवणीची जागा घराच्या बांधणीतच होती.

स्लॅबच्या घराने गळणारे छत आणि दरवर्षी कवेलू फेरण्याचा खर्च वाचवला. त्यासाठी लोक ते पसंत करतात आणि ते रास्तच आहे. मात्र छत सपाट झाले तसा माळा गेला, भिंत पातळ झाली तसे कोनाडे गेले. गेलेल्या जागेच्या बदल्यात नकाशात काहीच आले नाही. पक्के घर झाल्यानंतर शेजारी जुनी झोपडी किंवा टिनाचा आडोसा तसाच ठेवलेला दिसतो, त्याचे एक कारण हेच आहे.

नकाशा ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

लाभार्थ्याचा. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, ठेकेदार नेमायचा नसतो. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ या नावाने वेगवेगळ्या राज्यांतील ग्रामीण घरांच्या नमुन्यांचा संग्रहही काढला आहे. हे नमुने मार्गदर्शनासाठी आहेत. दार कुठे, सज्जा कुठे, कोनाडा किती मोठा, हे कुटुंब ठरवू शकते.

या योजनेत घर महिलेच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे मंजूर करण्यावर भर आहे. डाळीचे डबे, वर्षाचे तिखट, मुलांचे कपडे, पाहुण्यांच्या गोधड्या कुठे राहतात, हेही तिलाच ठाऊक असते. गवंड्याशी बोलणी होताना मात्र ती बहुतेक वेळा त्या चर्चेत नसते. ओटा किती उंच, फळी किती खोल, सज्जा कोणत्या भिंतीवर, हे तिला विचारून ठरले, तर अर्ध्या चुका तिथेच टळतात.

कोणत्या टप्प्यावर काय ठरवायचे?

घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार आणि फोटो अपलोड झाल्यावर मिळतात. साठवणीचे निर्णयही याच टप्प्यांना जोडता येतात. एक टप्पा हुकला, तर तो निर्णय पुढे महागात पडतो.

*पाया घालण्यापूर्वी : घर प्लॉटवर कुठे बसवायचे*

घर प्लॉटच्या मधोमध बसवले, तर चारही बाजूंना दोन-तीन फुटांच्या बोळी उरतात आणि त्या कशाच्याच कामाच्या राहत नाहीत. समजा, २० बाय २५ फुटांचा, म्हणजे ५०० चौरस फुटांचा प्लॉट आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत भूमिहीनांना साधारण एवढ्याच जागेसाठी मदत मिळते. त्यात १९ बाय १४ फुटांचे घर एका टोकाला नेले, तर मागे २० बाय ११ फुटांचा एकसंध तुकडा शिल्लक राहतो. शौचालय, न्हाणी आणि टिनाची कोठी यात बसू शकते. ग्रामपंचायतीने सांगितलेले अंतर आणि शेजाऱ्याच्या खिडक्या पाहूनच हे ठरवावे.

जोते उंच ठेवणे हाही साठवणीचाच भाग आहे. जोते बुटके असेल, तर पावसाळ्यात जमिनीतून ओल चढते आणि खालच्या थरातील पोती आधी खराब होतात.

*भिंती उचलताना : कोनाडा आणि कपाटाची खाच*

नऊ इंची भिंतीत साडेचार इंच खोल कोनाडा काढता येतो. डबे, औषधे, पुस्तके, देवघर यांना एवढी खोली पुरते. कोनाडा तीन फुटांपेक्षा रुंद नको, त्याच्या डोक्यावर लिंटेल हवे आणि तो खोलीच्या कोपऱ्याला किंवा दाराला चिकटून नको. पावसाची झड ज्या भिंतीवर येते, तिथे कोनाडा टाळावा. त्या ठिकाणी मागे फक्त अर्ध्या विटेची भिंत उरते आणि ओल आत येते.

कपड्यांच्या कपाटासाठी साडेचार इंच पुरत नाहीत. त्याला दीड ते दोन फूट खोली लागते. मधली भिंत सरळ न बांधता थोडी पुढे-मागे केली, तर एका बाजूच्या खोलीला कपाटाची खाच मिळते आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराला भांड्यांची मांडणी लावायला जागा मिळते. लाकडी फळ्यांपेक्षा कडप्पा फरशीचे कप्पे वाळवीच्या दृष्टीने सुरक्षित आहेत. पुढे दार लावायला पैसे नसतील, तर पडदा चालतो. दार नंतर लावता येते, पण खाच नंतर काढता येत नाही.

*लिंटेल टाकताना : सज्जा*

सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा आहे. साडेबारा फुटांच्या भिंतीवर दोन फूट खोल सज्जा काढला, तर २५ चौरस फुटांची जास्तीची जागा मिळते आणि तिच्याखालची जमीन मोकळीच राहते. लिंटेलसोबत टाकला, तर थोडे सिमेंट, गिट्टी आणि सळई एवढाच वाढीव खर्च येतो. तोच सज्जा नंतर करायचा, तर भिंत फोडावी लागते.

राष्ट्रीय इमारत संहितेत याचे साधे नियम आहेत :

• सज्जाखाली किमान २.२ मीटर, म्हणजे सुमारे सव्वासात फूट मोकळी उंची हवी.
• राहत्या खोलीतील सज्जाने खोलीच्या क्षेत्रफळाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त भाग झाकू नये.
• त्याने खोलीची हवा अडता कामा नये.

राहत्या खोलीची किमान उंची संहितेत २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट आहे. खोली नऊ फुटांचीच असेल, तर सज्जावर दीड फुटाच्या आसपास जागा उरते. दहा फूट उंची घेतली, तर ती जवळपास अडीच फूट होते. विटांचे तीन-चार थर वाढवल्याने साठवणीची जागा दीडपटीहून अधिक होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

धोकाही इथेच आहे. भिंतीतून पुढे आलेल्या सज्जाची मुख्य सळई वरच्या बाजूला लागते. स्लॅबच्या सवयीने ती खाली टाकली, तर सज्जा भार घेत नाही. टेकूही घाईने काढू नयेत. वरची भिंत बांधून तिचे वजन येईपर्यंत ते राहू द्यावेत.

सज्जावर धान्याची पोती मात्र ठेवू नयेत. साध्या घराच्या स्लॅबचा हिशेब प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो, म्हणजे प्रति चौरस फूट १९ किलो भार धरून केला जातो. पाच पोत्यांच्या थप्पीचा भार प्रति चौरस फूट ४० किलोच्या पुढे जातो. सज्जा गोधड्या, मोठी भांडी, सणावाराचे सामान आणि रिकामे बारदाने यांच्यासाठी आहे. धान्याची जागा जमिनीवरच, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून एक-दीड फूट सोडून. हवा खेळती राहते आणि उंदीर लपत नाहीत. उंदीर कमी, तर त्यांच्यामागे येणारे सापही कमी.

*स्लॅब टाकताना : जिना आणि गच्ची*

मिरच्या, तूर, शेवया, पापड वाळवायला गच्ची हवीच असते. सौर पॅनेल बसवायचे असतील, तर एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. पॅनेल एका कडेला घेतले, तर उरलेली गच्ची वाळवणाला राहते. जिना बांधणार असाल, तर त्याखालची जागा बंद करून घ्यावी. फवारणी पंप, फावडे, विळे, सायकल तिथे जाते. जिन्याचे पैसे नसतील, तरी पुढे तो कुठून निघेल, हे ठरवून त्या बाजूला खिडकी ठेवू नये.

कापूस आणि फवारणीची औषधे घरात का नकोत?

वरचे सगळे उपाय कपडे, भांडी आणि धान्यासाठी आहेत. कापूस त्यांत बसत नाही. ३५० घनफुटांच्या ढिगाला ६० घनफुटांचा सज्जा काय करणार? म्हणून कापसाची जागा २६९ चौरस फुटांच्या बाहेर, मागच्या मोकळ्या तुकड्यातच धरावी लागते. दहा बाय आठ फुटांची टिनाची कोठी दहा क्विंटल कापसाला पुरते. तिला पक्के जोते, खालून-वरून जाळीची हवा आणि कुलूप एवढे हवे. तिच्यात विजेचा बोर्ड नको आणि चुलीकडची भिंत नको. वाळलेला कापूस एका ठिणगीने पेटतो. तो झोपायच्या खोलीत आणि दारालगत असेल, तर बाहेर पडायची वाटही बंद होते.

नवीन घराबाबत आणखी एक काळजी. ताज्या गिलाव्यात बरेच दिवस पाणी असते. पहिल्याच हंगामात भिंतीला टेकवून कापूस लावला, तर खालचा-मागचा थर ओल धरतो आणि तो ओलावा खरेदी केंद्रावर मोजला जातो. पऱ्हाटीचे ढीगही घरालगत फार काळ ठेवू नयेत, कारण गुलाबी बोंडअळी त्यात टिकून राहते.

फवारणीच्या औषधांबाबत यवतमाळ जिल्ह्याला वेगळे सांगायची गरज नाही. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ते मृत्यू फवारणीवेळचे होते, साठवणीमुळे नव्हे. पण जी औषधे अंगावर उडून जीव घेतात, ती ज्वारीच्या डब्याशेजारी किंवा मुलांच्या हाताला लागेल अशा खिडकीत राहू नयेत, एवढे त्यातून नक्की समजते. जिन्याखाली किंवा मागच्या कोठीत कुलपाचा एक छोटा लोखंडी कप्पा पुरे. मूळ डब्यातच ठेवावे, पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नये.

कळंब शहरात राहणाऱ्यांसाठी नियम वेगळे आहेत का?

होय. कळंब शहरात नगरपंचायत आहे. त्यामुळे शहराच्या हद्दीत ग्रामीण नव्हे, तर शहरी आवास योजना लागू होते. सप्टेंबर २०२४ पासूनच्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्वतःच्या जागेवर ३० ते ४५ चौरस मीटरचे, म्हणजे ३२३ ते ४८४ चौरस फुटांचे घर बांधता येते आणि केंद्र व राज्य मिळून अडीच लाख रुपयांची मदत मिळते. जागा थोडी जास्त असल्याने छोटी कोठीघराची खोली काढणे शक्य होते. संहितेनुसारही स्वतंत्र कोठीघर असेल, तर स्वयंपाकघर ५ ऐवजी साडेचार चौरस मीटरचे चालते. मात्र शहरात मागचे आंगण मिळणे कठीण. शेती असलेल्या कुटुंबाने कापसासाठी वावरात किंवा गावातील जुन्या घरात जागा राखणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

गोदामात ठेवला तर?

सोयाबीन, तूर, हरभरा यांच्यासाठी हा पर्याय चांगला आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम वार्षिक ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळू शकते. हातात पैसेही येतात आणि घरही मोकळे राहते. ही योजना मुख्यतः धान्य, कडधान्ये आणि तेलबियांसाठी आहे. सैल कापूस गोदामात नेणे त्याच्या आकारामुळेच परवडत नाही. म्हणून धान्य गोदामात आणि कापूस मागच्या कोठीत, अशी विभागणी केली, तर घर राहायला उरते.

सरकारला काय करता येईल?

घरकुलाच्या व्याख्येत स्वयंपाकाची जागा आली, तशी साठवणीची जागा यायला हवी. निदान कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातील नमुना नकाशांत सज्जा, एक कपाटाची खाच आणि मागच्या कोठीची जागा दाखवता येईल. फोटो काढायला येणाऱ्या अभियंत्याने लिंटेलपूर्वी ‘सज्जा काढायचा आहे का’ एवढे विचारले, तरी पुष्कळ फरक पडेल. १ लाख २० हजारांत घर पूर्ण होत नाही, ही तक्रार खरी आहे. वर सांगितलेल्यांपैकी दाराची जागा, प्लॉटवरील घराची बाजू आणि कोनाडे यांना मात्र जवळपास काहीच खर्च नाही.

थोडक्यात

• माप आतून की बाहेरून, हे दोरी मारण्यापूर्वी विचारा.
• घर प्लॉटच्या एका टोकाला, मोकळी जागा एकत्र.
• दारे कोपऱ्याकडे, भिंती सलग.
• सज्जा लिंटेलसोबतच, मुख्य सळई वरच्या बाजूला, खाली सव्वासात फूट उंची.
• धान्य जमिनीवर फळ्यांवर, सज्जावर नाही.
• कापूस आणि औषधे राहत्या घराबाहेर, कुलपात.
• आणि नकाशावर बोलताना घरातील बाईला आधी विचारा. सामान कुठे ठेवायचे, हे तिला पाठ असते.